आधी बजावलं होतं

“पण मी आधी बजावलं होतं की नाही, बाबा? एवढंच सांगा.”

भिवाबाबा डोळे मिटून बसलेले. वय झालेलं, त्यात सकाळपासून मठाच्या दारात रडारड.

झालं होतं असं, की बारवेची एक पायरी निखळली होती. विश्वंभरनं ती परवाच पाहिली. पोरगा हुशार, बाबांचा लाडका शिष्य. पण हुशारीचा जरा वास यायचा अंगाला. आणि आज सकाळी त्याच पायरीवरून तान्हाई हंड्यासकट गडगडली. खुबा मोडला. तिची सून दारात येऊन म्हणाली, “ठाऊक असून गप्प बसलात!”

ते त्याला झोंबलं होतं. बाबांनी तिच्या घरी जाऊन खरं काय ते सांगावं, एवढंच त्याचं मागणं.

“कधी बजावलंस?”

“काल. कीर्तन संपल्यावर, सगळ्यांसमोर. सावधपणावर श्लोकही म्हटला.”

“संस्कृत?”

“हो.”

“तान्हाई कुठं बसते रे?”

“मागं... चपलांपाशी.” तो थांबला. “प्रसादाचा गलका होता. पण मी बजावलं, बाबा!”

बाबा गुडघ्यावर हात टेकत उठले. धापा टाकत बारवेत उतरले, आणि निखळलेल्या पायरीच्या वरच्या अंगाला पाय आडवे टाकून बसले.

सोनाबाई घागर घेऊन आली.

“अगं बाई, वाटेतच ठाण मांडलंत? सरका की!”

“नाही सरकत.”

“म्हातारपणी हट्ट बघा!” पुटपुटत, पदर खोचून ती पलीकडच्या कडेनं उतरली.

दुसरी आली, तिनंही तोंड सोडलं. तिसरी नुसतीच हसली. ऊन डोक्यावर आलं, बाबा तिथंच.

काठावर उभ्या विश्वंभरला राहवेना.

“बाबा, का बसलात ते तरी सांगा त्यांना! शिव्या खाताय नुसत्या.”

“तू सांगितलंस ना काल.”

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला.

“गवंडी उद्या येतोय,” शेवटी म्हणाला. आवाज उतरलेला. “पण तान्हाईच्या घरी... काय सांगायचं?”

बाबांनी कमरेवर हात दाबला.

“ते नंतर बघू. आधी इथं येऊन बस. माझी कंबर गेली.”