शेवेच्या वासाची कात

सन दोन हजार सतरा, वैशाख महिना, अक्षय्य तृतीयेचा दुसरा दिवस. ऊन कडक होते. मुलांनो, त्या दिवशी ओढ्याकाठच्या रानात जे घडले ते सांगतो. मध्ये बोलू नका.

रानातल्या करंजाच्या ढोलीत एका साळुंकीची चार अंडी होती. साळुंक्यांची रीत अशी, की अंडी घातली की ढोलीच्या तोंडाशी सापाची कात लावायची. सापाच्या वासाने उंदीर आत शिरत नाही. ही साळुंकी दरवर्षी वारुळातल्या धामणीकडून कात नेई. बदल्यात मुंगूस दिसले की ओरडून धामणीला सावध करायचे, असा दोघींचा ठराव. गेल्या वर्षी तिने कात नेली, पण मुंगूस फिरकलेच नाही. ते देणे राहून गेले होते.

यंदा तिला वारुळाकडे जावेच लागले नाही. ओढ्याकाठी बोरी-बाभळींवर कातीच काती लटकत होत्या. पांढऱ्या, निळ्या, पातळ, वाऱ्याने सळसळणाऱ्या. तिने पाच आणून ढोलीत कोंबल्या. एवढी श्रीमंती तिच्या आईनेही पाहिली नव्हती.

त्या सकाळी ती चारा खाऊन परत आली, तर ढोलीतून उंदीर बाहेर पडत होता. आत तीनच अंडी.

"मेल्या, तुला सापाची भीती नाही वाटली?"

"कुठला साप?"

"या पाच-पाच काती दिसत नाहीत?"

उंदीर हसून गडबडा लोळला. "साळुंकीबाई, ही कसली कात? ही बाजारातली पिशवी. हिच्यात शेव होती. त्या वासानेच तर मी आलो. अंडे आपले वर मिळाले!" एवढे बोलून तो पळाला.

साळुंकीच्या डोक्यात काही शिरेना. पिशवी हा कोणता प्राणी? आणि शेवेच्या वासाची कात टाकतो तरी कसा?

तेवढ्यात वारुळाकडून गलका ऐकू आला. ती तिकडे उडाली. सगळे रान जमले होते. पुढे म्हातारे साळिंदर काटे फुलवून उभे होते.

"धामणी, एवढ्या काती म्हणजे रानात शंभर साप तरी आले," साळिंदर म्हणाले. "सगळे तुझेच गोत. सूर्य मावळायच्या आत वारूळ सोड."

"आजोबा, माझी यंदाची कात अजून माझ्या अंगावरच आहे," धामण म्हणाली. "कात टाकायच्या आधी आमच्या डोळ्यांवर दुधी पडदा येतो. मला आत्ता धड दिसत नाही. अशी उघड्यावर निघाले तर मुंगूस मला सोडेल का?"

"मग या काती कोणाच्या?"

"मला काय ठाऊक!"

"पण निळा साप कोणी पाहिलाय का?" सशाने विचारले.

"नाही ना! म्हणून तर जास्त भीती," मागून कोणीतरी म्हणाले. ते सगळ्यांना पटले.

साळुंकी मागे फिरली. ढोलीतली एक कात चोचीत धरून आणली आणि सर्वांसमोर उलटी झटकली. पिवळा चुरा खाली पडला.

"साप शेव खातो का?" तिने विचारले.

तोच झुडपातून उंदीर आला आणि चुरा खाऊ लागला.

"तुला हे कुठून मिळते?" साळिंदराने दरडावले.

"गुरुवारच्या बाजारातून," उंदीर भरल्या तोंडाने म्हणाला. "माणसे पुड्यागणिक एक पिशवी घेतात. दहा पावले नेतात आणि टाकतात. निम्म्या वाऱ्याने येतात, निम्म्या मीच ओढून आणतो."

"दहा पावलांसाठी? का?"

"ते माणसांनाच विचारा!"

"मग या कुजतात केव्हा?"

"आमच्या पणजोबांच्या बिळात एक आहे. अजून तशीच आहे. वेशीपाशी एक बाई पोते घेऊन बसते. ती या धुऊन, वाळवून, गठ्ठे बांधून पाठवते. त्यांच्या नव्या वस्तू करतात म्हणे. पण तिचे पोते एक आणि बाजार केवढा!"

माणसाचे वागणे साळिंदरांना उलगडले नाही. पण न्याय त्यांनी दिला.

"शेव बाजारातच खायची. पिशवी रानात आणायची नाही. ज्याच्या घरात असेल त्याने स्वतः उचलून त्या पोत्यात टाकायची. वाऱ्याने आलेल्या पिशव्या सगळ्यांनी मिळून उचलायच्या. धामण इथेच राहील."

साळुंकीने आधी स्वतःच्या पाच पिशव्या नेल्या. पाचवी टाकून परत येताना तिला गवत हलताना दिसले. मुंगूस होते. वारुळाबाहेर दगडाला अंग घासत धामण कात सोडवत होती. तिला काहीच दिसत नव्हते.

साळुंकी जीव खाऊन ओरडली.

धामण चाचपडत वारुळात सरकली. मुंगसाने झडप घातली, पण त्याच्या तोंडात नुसती कात आली.

गेल्या वर्षीचे देणे फिटले.

तात्पर्य : जी वस्तू दहा पावलांपुरती लागते आणि आपल्या मागेही कुजत नाही, ती घेऊ नये; घेतलीच तर ज्याने घेतली त्यानेच ती योग्य जागी पोचवावी.