उंबरदऱ्याच्या वेशीवरचं खाली न टेकलेलं तबक

उंबरदऱ्याच्या पडक्या गढीच्या वेशीवर एक वीरगळ आहे. शेंदूर लावलेला वीर, उजव्या हातात तलवार. डाव्या हातात काहीतरी गोल आहे, ते बघून येणारे जाणारे म्हणतात, ढाल. मग गुरवाच्या सोनाआत्या पदर सावरत म्हणतात, "ढालीत कधी वाती जळतात का बाळा? नीट बघ. पाच निरांजनं आहेत. ते तबक आहे." आणि बसायला सांगतात.

ही गढी हैबतराव देशमुखांची. त्यांची बायको गजराबाई. वतनाच्या भांडणातून तिच्या सासर-माहेरात युद्ध पेटलं आणि सात महिने चाललं. कोणत्याही बाजूचा नगारा वाजला तरी मरणार होतं गजराबाईचंच माणूस. तिचा चुलतभाऊ सासरच्या तोफेनं गेला. चुलतदीर दामाजी माहेरच्या भाल्यानं गेला, आणि त्याचं प्रेत त्याचे वडील रखमाजीकाका स्वतः खांद्यावर घेऊन आले. आईबापांमागे हैबतरावांना वाढवलं होतं ते याच काकांनी.

शेवटी हैबतरावांनी मेहुण्याला, सुभानरावांना, भाऊबीजेचं बोलावणं धाडलं. आधी ओवाळणी, मग जेवण, मग तह. सुभानराव शस्त्रं वेशीवर ठेवून आत आले. त्यांची फौज ओढ्यापलीकडे थांबली. घरची रीत अशी, की ओवाळून झालं म्हणजे दारचा नगारा वाजायचा आणि मग बहिणीच्या नवऱ्यानं मेहुण्याच्या पंक्तीला यायचं. तोवर हैबतराव बुरुजावर पहाऱ्याला उभे होते.

गजराबाई देवघरात वाती लावत होती. भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला, "तबक जमिनीला टेकलं की घाव घाला. त्याआधी नको. लावल्या दिव्यावर हात टाकाल तर कुळाला पाप लागेल."

घाव कोणावर, ते तिला कळलं. ओरडावं, तर भाऊ निःशस्त्र पाटावर बसलेला. खांबांआड सहाजण होते. तिनं अंबाबाईकडे पाहिलं, त्याच क्षणी नवस बोलली आणि तबक उचलून बाहेर आली.

"सुभाना, उठू नकोस हं. माझा नवस आहे. एकशे आठ वेळा ओवाळायचंय."

"ताई, मी सकाळपासून उपाशी आहे गं," तो हसला. "तुझ्या देवीला आकडे फार आवडतात."

"सूनबाई, आटपा," काका म्हणाले.

"मामंजी, देवीचं काम आहे. मोजायला तुम्हीच बसा."

काका देवभक्त माणूस. नाही कसं म्हणणार? ते मोजू लागले. चाळीस झाले, साठ झाले. तबक पितळेचं, जड. तिचे खांदे भरून आले, तूप तापून बोटांवर सांडू लागलं. एकेक निरांजन विझत गेलं. ओवाळणं संपेना, म्हणून दारचा नगाराही वाजेना. भावाचं हसू केव्हाच मावळलं होतं. बहिणीच्या डोळ्यांतलं पाणी धुरानं आलेलं नाही, हे त्याला उमगलं होतं, पण तो पाटावरून हलला नाही.

"एकशे सात," काका म्हणाले. "एकशे आठ."

तेवढ्यात, नगारा का वाजत नाही म्हणून बुरुजावरून उतरलेले हैबतराव दारात आले. तबकात एकच वात उरली होती.

"धनी, हे धरा," गजराबाई म्हणाली. "खाली टेकवू नका."

त्यांनी तबक डाव्या हातात घेतलं. तिचा चेहरा पाहिला, मग खांबांआडच्या मुठी पाहिल्या.

"बाजूला हो, हैबत. माझ्या दामूचं रक्त आहे याच्या हाताला."

"काका, माझ्या हातात दिवा आहे."

"असू दे," काका म्हणाले आणि त्यांनी स्वतःच तलवार उपसली.

दिवा पाहून दोघांनी हत्यारं टाकली, असं सांगतात. बाकीचे चौघे तुटून पडले. हैबतराव पाटासमोर उभे राहून एका हातानं लढले. पहिल्याचा हात मनगटातून गेला, दुसऱ्याचं डोकं खांबावर फुटलं, तिसऱ्याचं पोट फाटलं. चौथ्याला सुभानरावांनी पाट घालून आडवा केला. रांगोळी रक्तात वाहून गेली. तेवढ्यात काकांची तलवार हैबतरावांच्या बरगडीत मुठीपर्यंत शिरली. ज्यांच्या खांद्यावर बसून त्यांनी जत्रा पाहिल्या होत्या, त्या काकांच्या गळ्यावर हैबतरावांनी वार केला. दोघे बरोबरच कोसळले. हैबतरावांचा डावा हात मात्र वरच होता.

"सुभानराव, आता तुम्ही धरा," एवढंच ते बोलले.

आतला कल्लोळ ऐकून ओढ्यापलीकडची फौज वेशीवर आली होती. रक्तानं माखलेले सुभानराव तबक घेऊन आपल्या माणसांसमोर उभे राहिले. म्हणे, ती वात तेव्हाही जळत होती. एकही भाला पुढे आला नाही. युद्ध तिथेच संपलं.

पुढच्या भाऊबीजेला गजराबाईनं तबक उचललं, तेव्हा बायका कुजबुजल्या, विधवेनं ओवाळायचं? ती म्हणाली, "धन्यांनी जीव दिला पण हे खाली टेकू दिलं नाही. मी टेकवू?"

आजही उंबरदऱ्यात भाऊबीजेचं तबक जमिनीला लागत नाही. बहिणीच्या हातून ते तिचा नवरा घेतो, त्याच्या हातून भाऊ घेतो आणि वीरगळीपुढे नेऊन उभा राहतो, वात आपणहून शांत होईपर्यंत. आणि गावात पहिलं ओवाळतात त्या नवरा गेलेल्या बहिणी. त्यांचं झाल्याशिवाय सवाशिणी वात लावत नाहीत. मागच्या साली पहिलं तबक सोनाआत्यांचं होतं.