टाळीच्या आधी

हे कुणाला सांगू नकोस, असं मला बजावलं होतं. सरांनी नाही, वैजूदादांनी.

मी सांगत नाहीये. पोहण्याच्या तलावाच्या पायरीवर बसून लिहितेय. बाकीच्या मुलींना वाटतंय, शाळेचा निबंध चाललाय.

“उडी का मारलीस?” आम्हाला पोहणं शिकवणाऱ्या बिराजदार सरांनी काल विचारलं.

“घाबरलो होतो,” वैजूदादा म्हणाले.

“तू?”

“सगळे तेच म्हणतात, सर. पेपरात पण तेच आलं होतं.”

“पेपरवाल्यांना नाही विचारलं. तुला विचारतोय.”



आमच्या तलावाच्या भिंतीवर वैजनाथदादांचं नाव रंगवलेलं आहे. पन्नास मीटर फ्रीस्टाइल. त्याखाली दुसरं नाव अजून कुणाचं आलेलं नाही. ते पोहायचे तेव्हा मी लहान होते, पण मोठ्या मुली सांगतात, की दादा अख्ख्या पन्नास मीटरमध्ये एकदाच श्वास घ्यायचे. आम्हाला तीन लागतात.

मग निवड चाचणीची अंतिम शर्यत आली. त्यात दादांनी इशाऱ्याआधीच उडी मारली. असं झालं की बाद, त्याला दुसरी संधी नसते. टॉवेल गुंडाळून कडेला उभं राहून त्यांनी ती शर्यत बघितली. जो पहिला आला त्याला दादांच्या सकाळच्या प्राथमिक फेरीपेक्षा जास्त वेळ लागला होता.

त्यानंतर ते कुठल्याच स्पर्धेत उतरले नाहीत. आता वीज मंडळाच्या ऑफिसात आहेत. पोट थोडं सुटलंय.

काल ते आले, कारण सरांनी निरोप पाठवला होता. सरांचे गुडघे गेलेत. तलावावरची मुलं दादांनी सांभाळावीत अशी सरांची इच्छा आहे. सांभाळणारं दुसरं कुणी नाही. सर थांबले की आमचं पोहणं पण थांबणार.

दादा बूट घालूनच ओल्या फरशीवर आले. इथे बुटांना बंदी आहे. मी पायांचा सराव संपवून तरंगायची फळी छातीशी धरून उभी होते. त्यांना बूट काढा म्हणायला मला लाज वाटली.

“मला नाही जमणार, सर,” दादा म्हणाले. “मी काय शिकवू पोरांना? उडी कधी मारायची ते?”

स्वतःच हसले. सर हसले नाहीत.

“म्हणून विचारतोय,” सर म्हणाले. “का मारलीस?”

“जाऊ द्या ओ सर. सहा वर्षं झाली.”

“मी वर गॅलरीत बसलो होतो.”

“माहितेय.”

“तुम्ही आठही जण वाकलात. एकदम शांत झालं.”

“सर, राहू द्या.”

“आणि माझे हात…”

सरांनी दोन्ही तळवे मांडीवर उलटे करून ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसले.

इथे एक सांगायला हवं. आमच्या तलावावर सुरुवातीचा भोंगा नाही. सर टाळी वाजवतात. एकच. त्यांचे तळवे जाड आहेत, त्यामुळे फळीवर फळी आपटावी तसा आवाज येतो. आम्हाला उडी मारायच्या ब्लॉकवर वाकवून ठेवतात आणि थांबतात. कधी कधी इतकं थांबतात की मांड्या थरथरायला लागतात. मग टाळी. डोक्याला कळायच्या आत पाय सुटले पाहिजेत, असं सर म्हणतात. दादा आठ वर्षं त्या टाळीवर सुटत होते.

मला सगळं कळलं. कळलं तेव्हा फळी हातातून सुटता सुटता राहिली.

“पाण्यातून वर आलास,” सर म्हणाले, “आणि पहिल्यांदा गॅलरीकडे बघितलंस.”

दादा पाण्याकडे बघायला लागले.

“पंचांना का नाही सांगितलंस? गॅलरीतून सवयीने माझी टाळी वाजली, असं? कदाचित परत सुरुवात दिली असती त्यांनी.”

“तुम्ही पण सांगू शकला असता.”

दादा हे अगदी हळू म्हणाले. म्हटल्यावर लगेच त्यांनी मान खाली घातली, जणू काही सांडलं हातून.

“हो,” सर म्हणाले.

…

फिल्टरचं पाणी तेवढं पडत होतं.

“मी उठलो होतो,” सर म्हणाले. “खाली यायला. दोन पायऱ्या उतरलो पण. मग शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, ‘तुमचा पोरगा काय हो, कच्चा निघाला.’ मी परत बसलो.”

“का?”

“ते माझ्याकडे बघत होते.”

दादांनी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले.

मग सर उठले. चपला काढल्या, पँटचे पाय वर दुमडले आणि चार नंबरच्या ब्लॉककडे गेले. लोखंडी दांडीला धरून चढले. दोनदा पाय घसरला. मी पुढे झाले तर त्यांनी हातानेच नको म्हटलं.

वर उभे राहिले. मग वाकले. आम्हाला वाकवतात तसेच, बोटं ब्लॉकच्या कडेला.

“वाजव,” सर म्हणाले.

“सर, उतरा. गुडघे काय म्हणतील?”

“गुडघ्यांचं मी बघतो. वाजव.”

“कशाला हे आता?”

“वैजू, वाजव.”

दादांनी हात खिशातून काढले. एकमेकांसमोर धरले. तसेच धरून ठेवले.

सरांच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या होत्या. त्यांच्या टाचा इतक्या भेगाळलेल्या आहेत हे मी कधी बघितलंच नव्हतं.

दादांचे हात पुन्हा खाली आले. तेव्हा त्यांना मी दिसले.

“तेजल,” ते म्हणाले, “यातलं एक अक्षर बाहेर कुणाला सांगायचं नाही. सरांचं नाव आहे या गावात.”

मी मान हलवली.

“बास झालं, सर. खाली या. मी विसरलो सगळं.”

सरांनी मान वर केली नाही. पाण्याकडे बघत म्हणाले,

“आवाज आला नाही अजून.”

दादा किती वेळ तसेच उभे होते मला माहीत नाही. त्यांचे डोळे लाल झाले होते, पण क्लोरीनने आमचे पण होतात. मग ते खाली बसले, बुटाच्या नाड्या सोडल्या, बूट भिंतीकडेला ठेवले, आणि अनवाणी पायांनी ब्लॉकच्या बाजूला जाऊन दोन्ही हात—

सर बोलावतायत.

“तेजल, लिहिणं पुरे. ब्लॉकवर ये. आज आवाज माझा नाही.”