कोणती वही?

"मग पोरांनी वही कोणती काढली?"

दस्तगीरचाचांनी एवढंच विचारलं.

मिरजेतल्या चाचांच्या तबल्याच्या दुकानात शाळेतल्या समिधाबाई पाऊण तास एकट्याच बोलत होत्या. मांडीवर मोठा तक्ता. मधोमध तबल्याचं चित्र, त्यातून निघालेले सात रंगीत दोरे, आणि प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला एक विषय. आवाज म्हणजे विज्ञान, मात्रा म्हणजे गणित, शिसवीचं लाकूड म्हणजे भूगोल... एका पाठात सात विषय! उद्या अकराला तालुक्यातले शिक्षक तो बघायला येणार होते. पाठ जमला तर पुढच्या वर्षी साऱ्या शाळेत असंच शिकवायचं. नाहीतर पुन्हा घंटा, पुन्हा वेगवेगळे तास. मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"बोला की बाई. काल वर्गात करून बघितलं म्हणालात."

"हो... एक मुलगी आहे, कुलसुम. ती सारखी विचारायची, 'बाई, आता कोणती वही काढू?'"

"कितींदा?"

"...सातदा."

चाचांनी बाईंनी आणलेला शाळेचा तबला पुढ्यात ओढला. बोट मारलं. बद्द.

"तेवढा लावून द्या ना, चाचा."

"तुम्हीच लावा." हातोडी बाईंच्या हातात आली. "कडेनं सोळा घरं आहेत. सगळी एका सुरात बोलली पाहिजेत."

बाईंना सुराचा कान होता, आणि त्याचा अभिमानही. पहिल्या घरावर ठोकलं. टण्!

"लागलं!"

दुसरं लागलं. तिसरं, चौथंही. मग समोरच्या घरावर बोट मारलं, तर ते उतरलेलं. ते चढवलं, तर पहिलं बिघडलं.

"अहो, हे मघाशी लावलं होतं मी!"

"त्याला एकट्याला लावलंत." चाचा पान जुळवत म्हणाले. "वाद्या किती आहेत, मोजा बरं."

बाईंनी चामड्याचे पट्टे मोजले. खाली जाणारे, वर येणारे. खात्रीसाठी पुन्हा एकदा.

"बत्तीस."

चाचांनी खालची गाठ सोडली.

"चाचा! उद्या पाठ आहे हो!"

आठ लाकडी गट्टे टपटप जमिनीवर पडले. बाई इतक्या दचकल्या की तक्ताच मांडीवरून घसरला. चाचा एकेका घरातून वादी ओढून काढत राहिले. ती संपेना. वरची चामड्याची पुडी सुटली, खालचं कडं सुटलं, तबल्याचं नुसतं खोड उरलं. वादीचं एक टोक केव्हाच उंबऱ्याबाहेर गेलं होतं.

दुसरं टोक चाचांनी बाईंच्या हातात दिलं.

बाई ते धरून उंबऱ्याकडे बघत राहिल्या...

"एकच?"

चाचा खोडातली धूळ फुंकत होते.

"एकच आहे ही! सबंध तबल्याला एकच!" त्या उठल्याच. तक्ता उचलला आणि सातही दोरे उपटून टाकले. "आणि मी वेडी आठवडाभर गाठी मारत बसले होते!"

रस्त्यावरचा एक माणूस थांबून बघू लागला. बाईंना त्याचं भानही नव्हतं.

मग त्यांची नजर जमिनीवरच्या गट्ट्यांकडे गेली.

"पण आता हे ओवायचं कधी? अकराला सगळे येणार..."

"असाच न्या."

"असा? सुटा?"

चाचांनी खोड, पुडी, गट्टे, कडं, सगळं पिशवीत भरलं. वर वादी गुंडाळून ठेवली.

"सकाळी वादी तेवढी भिजवा. मी येतो अकराला. पोरं किती आहेत वर्गात?"

"चाळीस."

"मग ऐंशी हात आहेत की ओवायला."

बाईंनी पिशवी पोटाशी धरली. निघाल्या, जवळजवळ धावतच, आणि उंबऱ्यावर थबकल्या.

"चाचा... आणि कुलसुमनं पुन्हा विचारलं, कोणती वही, तर?"

चाचांनी दुसरा तबला मांडीवर घेतला होता.

"हात रिकामा राहिला तिचा, तर विचारेल की."