ऱ्हिआचे माहेर

एकदा एक वृद्ध पुजारीण ग्रीस देशातल्या क्रीट बेटावर, देवमाता ऱ्हिआच्या मंदिरात राहत असे. तिची एक शिष्या होती. त्या वर्षी बेटावर तापाची साथ आली आणि आजारी मुले मंदिराच्या आतल्या ओसरीत येऊ लागली. साऱ्यांची शुश्रूषा शिष्येने एकटीच्या अंगावर घेतली. गावातल्या बाया मदतीला आल्या की ती त्यांना परत पाठवी. म्हणे, "देवमाता कधी थकली होती का?"

महिना उलटला. एका दुपारी काढा ओतताना तिला उभ्याउभ्याच डुलकी लागली आणि कडेवरचे मूल निसटले. पुजारिणीने ते वरच्यावर झेलले. मग तिने शिष्येला दंडाला धरून बाहेर काढले आणि दार लावून घेतले.

शिष्या पायरीवर बसली. रडण्याइतकेही त्राण तिच्यात उरले नव्हते. बऱ्याच वेळाने दार उघडले.

"माई, चुकले मी. पण मला घालवू नका."

पुजारीण शेजारी टेकली. "ऱ्हिआची कथा सांग."

"आपलाच मुलगा आपले राज्य घेईल, या भयाने तिच्या नवऱ्याने, क्रोनसने, पाच मुले जन्मताच गिळली. सहाव्या खेपेला ऱ्हिआने कापडात दगड गुंडाळून बाळ म्हणून त्याच्या हाती दिला, आणि त्याने तोच गिळला. बाळ झ्यूस वाचला."

"आणि हे तिला एकटीला सुचले?"

शिष्येने चमकून वर पाहिले.

"पाच वेळा ती एकटीच सोसत राहिली, पोरी. सहाव्या वेळी दिवस भरत आले, तेव्हा ती आईबापांकडे गेली आणि म्हणाली, 'आता माझ्याने होत नाही.' मग युक्ती निघाली. बाळाला या बेटावर दडवले, तेही तिच्या आईने, पृथ्वीमाता गायाने. तू रोज कथा सांगतेस आणि नेमके तिचे माहेर गाळतेस. जे म्हणायची देवीला लाज वाटली नाही, ते म्हणायची तुला का वाटावी?"

"पण मुलांकडे कोण पाहील?"

पुजारिणीने आत बोट दाखवले. मागच्या दाराने बोलावून घेतलेल्या गावातल्या चार बाया ओसरीत वावरत होत्या. त्यांतली एक उंबऱ्याशी आली. "बाई, त्या कोपऱ्यातल्या मुलीला काढा कधी दिला होतात?"

शिष्येने आठवून पाहिले.

"नाही आठवत," ती अखेर म्हणाली. "तुम्हीच बघा आता. मला जरा निजू द्या."