चिमुकल्याचं शिखर

पितळी सूक्ष्मदर्शकाची रवानगी टेबलावरून कपाटात झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. त्याच्या जागी छताला टेकणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला. त्याच्यासमोर अर्धवाहकाचा एक क्वांटम बिंदू, म्हणजे प्रकाश पडला की चमकणारा स्फटिकाचा कण, ठेवला होता, इतका लहान की धुळीचा कण त्याच्यापुढे डोंगर!

वरून एकदाच बघून नवा म्हणाला, "चौकोनी. सपाट. बाद! पुढचा!"

"अहो, थांबा," बिंदू कळवळला. "मला शिखर आहे. वरून नाही दिसायचं ते. जरा कलतं करून बघा ना."

"मला अणूसुद्धा दिसतो. तू मला शिकवणार?"

बिंदूला एकदम जुने दिवस आठवले. "कपाटातल्या आजोबांना मी म्हणजे नुसता हिरवा उजेड दिसायचो," तो हळूच म्हणाला. "पण ते रोज विचारायचे, 'बाळा, तुझा आकार कसा रे? सांग की.' मग मी सांगत बसायचो."

नवा घुटमळला. कुरकुरतच त्याने बिंदू ज्या बारीक जाळीवर ठेवला होता, ती कलती केली. चौकोनाचा त्रिकोण झाला आणि टोक वर आलं. चिमुकला पिरॅमिड!

"मघाशी कसं नाही दिसलं मला?" तो पुटपुटला.

कपाटातून म्हातारा आवाज आला, "फार दिसायला लागलं ना, की विचारायचं राहून जातं रे."