ठिपकीची तहान

खाडीकाठी, तिवरांच्या हिरव्यागार रानाला लागून रेवू आणि तिची आई राहायच्या. आई मिठागरात राबायची. घरात खायचे वांधे, पण ठिपकी नावाची एक गोडुली शेळी होती. त्या वर्षी उधाणाचं पाणी विहिरीत शिरलं आणि विहीर खारट झाली. आई लांबून एक हंडा गोडं पाणी आणायची, ते दोघींनाही जेमतेम पुरायचं. रेवू आपल्यातलं अर्धं ठिपकीला पाजायची. पण तेवढ्यानं शेळीचं काय होणार? बिचारी विहिरीचं पाणी प्यायची आणि आणखीच तहानायची. आता तर तिला उठताही येत नव्हतं.

"बाय माझी, ती काय वाचत नाय आता," आई म्हणाली.

रेवू रानात पळाली आणि चिखलातच बसून ओक्साबोक्शी रडली.

तेवढ्यात पानांवर निळा-जांभळा उजेड लुकलुकला. चतुराएवढी इवलीशी परी! तिच्या पंखांवर मिठाचे कण चमचमत होते.

"परीताई, माझ्या ठिपकीला वाचव ना!"

"खारं पाणी प्यालं की त्यातलं मीठ बाहेर टाकायला अंगातलंच पाणी खर्ची पडतं गं. म्हणून ती सुकतेय," परी म्हणाली. "तो पांढराशुभ्र कुरव पक्षी बघ. तो समुद्राचं पाणी पितो आणि मीठ नाकातून थेंब थेंब गाळून टाकतो. ती करामत ठिपकीला देऊ? पण माझा नियम आहे. मी एकाचं काढूनच दुसऱ्याला देते."

"मग कुरव काय पिणार?"

"काही नाही. तो मरेल."

कुरव मजेत पंख साफ करत होता. त्याला कशाचा पत्ताच नव्हता.

"नको," रेवू कशीबशी म्हणाली. ठिपकी मरणार, आणि आपणच नको म्हणालो! तिच्या डोळ्यांना पुन्हा धारा लागल्या. एक थेंब ओठांवर आला. खारट!

"परीताई, माझंही मीठ डोळ्यांतून येतं की! माझी आसवं दे तिला."

"मग तुला कधीच रडता येणार नाही, रेवू. कितीही दुखलं तरी."

"चालेल."

परीनं तिच्या पापण्यांना हळूच पंख लावला. लख्ख सोनेरी उजेड पडला आणि परी त्यातच विरून गेली.

रेवू धावत घरी आली. ठिपकी उभी होती! बादलीतलं विहिरीचं पाणी घटाघटा पीत होती आणि तिच्या डोळ्यांतून टपोरे थेंब गळत होते. ते पाहून आईनं रेवूला पोटाशी धरलं आणि ती आनंदानं रडू लागली. रेवूलाही हुंदका आला, पण डोळे कोरडेच राहिले. तेव्हा ठिपकी जवळ आली, तिनं रेवूच्या हाताला नाक घासलं आणि ती दोघींच्या वाटचं रडली.